चार दहाची गाडी

जगात प्रवास एकच आहे आणि तो परंडा ते कुर्डुवाडी, असं ठामपणे मानणारा एक माणूस मला ठाऊक आहे. आधी गावातून लाल बस, मग कुर्डुवाडीहून रेल्वे, आणि मधल्या काळात बस रेल्वेपर्यंत वेळेत पोचेल की नाही याची धाकधूक. एवढं ज्यात आहे तो प्रवास. काशी, काश्मीर, अमेरिका हे सगळे त्याचेच पोटप्रकार. ओवी, निनाद, गेल्या ऑगस्टमध्ये आपण जपानच्या डोंगरातल्या त्या गावी पोहोचलो, काकड्या तोडल्या, निनादनं शिंगवाला भुंगा माझ्या पदरावर सोडला, ते सगळं या माणसामुळे घडलं. तुम्ही त्यांना व्हिडिओवर दोनदा पाहिलं आहे. म्हणजे त्यांचा कान पाहिला आहे, कारण फोन हा कानालाच लावायचा असतो यावर ते ठाम आहेत. उरलेला माणूस कसा आहे, ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिते आहे.

ते परंड्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे खिडकीच्या आत बसून कुठली गाडी कधी आली, कधी सुटली याची नोंद करणारा आणि भोंग्यावरून ते साऱ्या गावाला सांगणारा माणूस. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही छातीइतकी. तुमचे आजोबा असताना दोघं त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून तासन् तास बोलत; कुणी कुणाकडे जात नसे. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, पण भोंगा अजून घशातून गेलेला नाही. कुठलीही महत्त्वाची गोष्ट ते दोनदा सांगतात, कारण पहिल्यांदा सांगितलेलं प्रवासी ऐकत नाहीत असा त्यांचा अनुभव आहे. सकाळी भिंतीपलीकडून "चहा टाका. चहा टाका," असं ऐकू आलं की आमच्या गल्लीतल्या चार घरांत आधण चढतं. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, याची एवढी सवय झाली आहे की पहिल्या हाकेला त्या हलतच नाहीत. "पयली हाक गावाला असती," त्या मला म्हणाल्या, "दुसरी माझी."

घड्याळ त्यांच्याकडे आहे, पण ते वेळ सांगतात गाड्यांवरून. "बार्शी लागायच्या आत येतो", "भूम गेली की जेवू". त्या गाड्यांच्या वेळा केव्हाच बदलल्या असल्या तरी यांच्या बोलण्यातली बार्शी अजून जुन्याच वेळेला लागते, त्यामुळे त्यांच्याशी काही ठरवायचं तर निदान वीस वर्षांपूर्वीचं वेळापत्रक पाठ हवं. एकदा गावातल्या एका लग्नात मुहूर्त टळत चालला होता. नवरदेवाचे मित्र नाचत होते, भटजी घाम पुसत होते. यांनी जाऊन शांतपणे माइक घेतला आणि म्हणाले, "वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावं. करमाळ्याकडं जाणारी शेवटची गाडी पाच मिंटात सुटंल. शेवटची गाडी पाच मिंटात सुटंल." अर्धं वऱ्हाड धावत मांडवात आलं. गाडी वगैरे काही नव्हती. पण मुहूर्त साधला, आणि मुलीच्या बापानं यांना अक्षता पडायच्या आधी मिठी मारली.

आता मूळ गोष्ट. तुमच्या बाबांनी फेब्रुवारीत जपानहून मला कळवलं की या वर्षी मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका डोंगरातल्या खेड्यात शेतावरचं जुनं घर पाच दिवसांसाठी घ्यायचं आहे आणि आई, तू यायचंच. मी नाही म्हटलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. पुन्हा विचारलं, तेव्हा पावसाळ्यात घर बंद ठेवता येत नाही, असं सांगितलं. मी सारा जन्म मुलांना इंग्रजी शिकवलं, माझ्या कपाटातल्या चादरींना अनुक्रमांक आहेत, आणि तरी खरं कारण सांगायला मला जमलं नाही. खरं कारण हे की मी आयुष्यात एकटीनं मोठा प्रवास केलेलाच नव्हता. तिकिटं नेहमी तुमच्या आजोबांच्या खिशात असत. मी फक्त खिडकीशी बसायचे. त्यांच्यानंतर तुम्ही भारतात एकदा आलात, त्याला चार वर्षं झाली. निनाद तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला त्यातलं काही आठवत नाही. मग मार्चमध्ये एका रविवारी फोनवर त्यानं मला विचारलं, "आजी, तुला पाय आहेत का?"

तू पडद्यावर मला कायम कमरेपर्यंतच पाहिलं होतंस, निनाद, त्यामुळे प्रश्न योग्य होता. मी हसून "आहेत की" म्हटलं. तू म्हणालास, "दाखव." तेवढ्यात फोन कट झाला. मी बराच वेळ हातात फोन घेऊन बसले होते, आणि भिंतीपलीकडे कंट्रोलर सगळं ऐकत होते, कारण छातीइतक्या भिंतीवरून सगळं ऐकू येतं.

"बाई," ते म्हणाले, "गुडघ्याचं कारण आमच्या हिला सांगा. म्या रोज बघतो, तुमी जिन्यावर भराभर चढता. जायचं की न्हाय त्ये तुमी ठरवा. रस्ता कसा हाय त्ये म्या बघतो. रस्ता म्या बघतो."

त्या दिवसापासून त्यांनी जपानचा ताबा घेतला. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. लाल पेन्सिल म्हणजे बस, निळी म्हणजे रेल्वे. विमानासाठी तिसरा रंग नव्हता, म्हणून विमानही निळंच झालं. "त्ये बी ठरल्या रस्त्यानंच जातं," असं समर्थन होतं. ऑगस्टमध्ये तिथं उन्हाळा असतो हे त्यांना बिलकूल पटलं नाही. "ऑगस्टात उन्हाळा, मग मे महिन्यात काय करत्यात?" पण वेळापत्रकात लिहिलेलं खरं मानायचं या सवयीनं त्यांनी तेही मान्य केलं. मग दर रविवारी तुमच्या बाबांची उलटतपासणी सुरू झाली. गावाला घाट किती? ड्रायव्हर त्याच गावचा का बाहेरचा? गाडी मुक्कामाला तिथंच थांबते का परत जाते? त्या दिवसांत कुठली यात्रा न्हाय ना? यात्रा असंल तर जादा गाड्या सोडल्यात का? तुमचे बाबा इंजिनियर आहेत, पण या परीक्षेला त्यांचा अभ्यास कमी पडला.

"काका, त्या बसला कंडक्टरच नसतो," बाबा एकदा म्हणाले.

कंट्रोलरांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मग घंटी कोण मारतं?"

"ज्याला उतरायचं तो बटण दाबतो."

"आन् तिकिटाचं?"

"उतरताना डब्यात पैसे टाकायचे."

कंट्रोलर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, गाव चांगलं हाय. बिनघोर जावा."

"आपल्याकडं असं केलं," भिंतीपलीकडून वहिनी म्हणाल्या, "तर पुढच्या फाट्याला डबाबी उतरून जाईल."

सगळं सुरळीत चाललं होतं ते चार दहाच्या गाडीपर्यंत. बाबांची सुट्टी थोडी, म्हणून त्यांनी बेत असा आखला होता की मी सकाळी विमानातून उतरायचं, तुम्ही चौघांनी मला विमानतळावरच घ्यायचं, तिथून रेल्वेनं डोंगराखालच्या स्टेशनवर जायचं आणि दुपारी चार दहाची बस धरायची. घरमालकीण आजींनी बसथांब्यावरच्या पाटीचा फोटो पाठवला होता. अक्षरं जपानी, पण आकडे आपल्यासारखेच वाचता येणारे. सात पंधरा, अकरा पन्नास आणि चार दहा. कंट्रोलरांनी तो फोटो माझ्याकडून छापून घेतला, भिंगाखाली धरला आणि तक्त्यावरची लाल रेघ खोडरबरानं पुसून टाकली.

"चार दहाची गाडी धरू नका," ते म्हणाले. "चार दहाची गाडी धरू नका."

बाबा वैतागले. "काका, जपानमध्ये गाडी अर्धं मिनिटसुद्धा उशिरा येत नाही!"

"येळेवर येती, ह्ये मान्य. पर येती का?"

"म्हणजे?"

"डोंगरातलं गाव. चारला बाजार उठत न्हाय, कचेरी सुटत न्हाय. चारला काय सुटतं? शाळा. ही शाळेची फेरी हाय. आन् तुझी पोरं सुट्टीला निघालीत, म्हंजी शाळा बंद. शाळा बंद, तर गाडी कुणासाठी सोडत्याल? आन् हितं बघ, चार दहाच्या म्होरं बारीक गोल काढलाय. बाकीच्या दोन्हीच्या म्होरं न्हाय. कंट्रोलर उगं गोल काढत नसतो."

"काका, वेबसाइटवर तीनही गाड्या दिल्या आहेत."

"मग येबसाइटला म्हणावं, आजीला घ्यायला ये."

बाबांनी फोन ठेवला. मलाही वाटलं, हे जरा अति होतंय. एका खेड्यातल्या गाडीसाठी सगळा बेत एक दिवस अलीकडे ओढायचा, विमानाची तारीख बदलायची, आणि तेही एका बारीक गोलासाठी? मी तसं बोलले. तेव्हा कंट्रोलर पहिल्यांदा भिंत सोडून आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ते नोकरीत नवे असताना आपल्याकडे एका गावाला अशीच शाळेची फेरी जायची. मे महिन्यात ती बंद व्हायची. त्या वर्षी बंद झाल्याचं भोंग्यावर सांगायचं ते विसरले. एक म्हातारी सुट्टीला आलेल्या नातीला कडेवर घेऊन फाट्यावरच्या लिंबाखाली दुपारपासून दिवस मावळेपर्यंत बसून राहिली आणि मग पोरीला घेऊन पायी गेली.

"दुसऱ्या दिवशी स्टँडवर आली, बाई. म्हटलं, आता शिव्या घालणार. तर मला म्हणती, 'काल गाडी आली न्हाय, बाबा. गाडीला काय झालं व्हतं? बरी हाय नव्हं?'" कंट्रोलरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शिव्या दिल्या असत्या तर इसरलो असतो."

मी त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी नीट विचार करून ओवीला फोन केला. ओवी, तुला आठवतं ना? सोमवारी शाळेतून आल्यावर तू त्या गावच्या कचेरीत फोन लावलास. अकरा वर्षांची मुलगी, मोठ्या माणसांसारखी आदबशीर बोलत होतीस, आणि आम्ही तिघं म्हातारी माणसं तू चालू ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर कान लावून, एक अक्षर कळत नसताना, उभी होतो. तू "हाय, हाय" म्हणत होतीस, म्हणजे जपानीत "हो, हो", आणि वहिनी कुजबुजल्या, "हाय म्हणती! गाडी हाय वाटतं." मग तू आम्हाला सांगितलंस. कचेरीतल्या बाईंनी तीनदा माफी मागितली होती. चार दहाची गाडी फक्त शाळेच्या दिवशी धावते. सुट्टीत ती बंद असते. तो गोल म्हणजे तेच. गावातली एकमेव टॅक्सी एक आजोबा चालवतात आणि ते दुपारनंतर शेतावर असतात.

रविवारी बाबांनी आधी काकांना फोनवर बोलावून घेतलं. मग म्हणाले, "काका, तुम्हाला जपानी येतं?"

"न्हाय रे," कंट्रोलर म्हणाले. "मला परंडा येतं."

बेत बदलला. मी एक दिवस आधी यायचं, तुमच्या घरी मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी अकरा पन्नासची गाडी. आणि हे सगळं ठरत असताना कधीतरी माझ्या लक्षात आलं की, जायचं की नाही हे मी अजून कुणाला सांगितलेलंच नाही, आणि आता सांगायची गरजही उरलेली नाही. भीती मात्र होतीच. त्यावर कंट्रोलरांनी उपाय काढला. जुलैमध्ये एके दिवशी त्यांनी मला तालमीला नेलं. दोन हात, म्हणून सामानाचे नग दोनच, हा त्यांचा कायदा. जपानला न्यायच्या त्याच दोन बॅगा घेऊन मी परंडा ते कुर्डुवाडी जायचं, तिकीट स्वतः काढायचं, ते स्वतःच्या पर्समध्ये ठेवायचं, रेल्वेच्या फलाटापर्यंत एकटीनं जायचं आणि परत यायचं. ते त्याच गाडीत मागच्या बाकावर बसणार, पण ओळख दाखवायची नाही. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की मी गाडीत चढताना "सरका काका" म्हटलं तर त्यांनी मला "आपण कोण?" असं विचारलं.

मी व्यवस्थित गेले. गंमत अशी की गोंधळ त्यांचाच झाला. जन्मभर हजारो गाड्या सोडलेला हा माणूस प्रवासी म्हणून फारसा कधी बसलेलाच नव्हता. त्यांनी कंडक्टरला तीनदा विचारलं, कुर्डुवाडी आली का, आणि तिकीट इतकं जपून ठेवलं की उतरताना ते सापडेना. टोपीत निघालं. फलाटावर मी त्यांना चहा पाजला. एक गाडी आली, गेली. ते तिच्या शेवटच्या डब्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "कंट्रोलरसाहेब, तुम्ही आणि वहिनी चला की माझ्याबरोबर. पासपोर्ट काढू." ते हसले. "म्या गेलो तर हितल्या गाड्या कोण बघंल?"

मी त्यांना, तुम्ही निवृत्त आहात, याची आठवण करून दिली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सव्वासहाच्या पुण्याच्या गाडीला ते स्टँडवर आले होते, इस्त्रीच्या शर्टात. वहिनींनी शेंगाचटणीची बरणी तिसरा नग म्हणून आणली होती. कायद्यानुसार कंट्रोलरांनी ती परत करायला लावली, आणि मग स्वतःच माझी बॅग उघडून दोन साड्यांच्या मध्ये बसवून दिली. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन ते म्हणाले, "पोचल्यावर फोन करा." मी दुसऱ्यांदा ऐकायची वाट पाहिली. पण या वेळी त्यांनी एकदाच सांगितलं, आणि चष्मा पुसायला घेतला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. विमानतळावर निनादनं माझ्या तोंडाकडे न बघता आधी खाली बघितलं आणि ओरडून ओवीला सांगितलं, "आहेत!" दुसऱ्या दिवशी अकरा पन्नासची गाडी अकरा पन्नासला आली. मी ड्रायव्हरला हात जोडून नमस्कार केला तेव्हा तुम्ही दोघं का म्हणून विचारत होतात; तो कंट्रोलरांचा निरोप होता. आणि तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला उन्हात त्या थांब्यावर नेऊन बसवलं ते का, हेही आता सांगते. चार वाजून दहा मिनिटांनी तिथं काय येतं, ते मला पाहायचं होतं. रातकिड्यांसारखा किर्र आवाज करणारे ते किडे झाडावर ओरडत होते. एक चतुर पाटीवर येऊन बसला. रस्ता शेवटपर्यंत मोकळा होता. मी त्या रिकाम्या रस्त्याचा फोटो काढून परंड्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, वहिनींनी लिहिलेलं: 'ते म्हणतात, बरोबर आहे. ते म्हणतात, बरोबर आहे.'

येताना त्या कचेरीतून मी वेळापत्रकाचा छापील कागद मागून आणला. तो आता कंट्रोलरांच्या ओसरीवर, कुर्डुवाडीच्या जुन्या वेळापत्रकाशेजारी, खिळ्याला टांगलेला आहे. तुमच्याकडे चार दहा होतात तेव्हा आपल्याकडे बारा चाळीस. सप्टेंबरात तुमच्या शाळा उघडल्या त्या दिवशी मी वरण घोटत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "चार दहा लागली. चार दहा लागली." तेव्हापासून शाळेच्या दिवसांत हे रोज चालू आहे. त्या डोंगरातली मुलं पाठीवर दप्तरं घेऊन गाडीत चढत असतील, आणि तिकडे शहरात तुम्ही दोघं घराकडे चालत निघाला असाल, असं मी रोज बारा चाळीसला मनाशी पाहते. गॅस बारीक करते. मग पुन्हा कामाला लागते.

खरं सांगायचं तर ती गाडी मला फारशी आवडत नाही. ती धावते आहे तोवर तुम्ही शाळेत आहात आणि मी परंड्यात. परवा मी भिंतीशी जाऊन कंट्रोलरांना विचारलं, "ही चार दहा बंद कधी होणार हो?"

त्यांनी नव्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं उलटली. जुलैपर्यंत बरीच पानं होती. ती त्यांनी सावकाश पुन्हा खाली सोडली आणि भोंग्याच्या नव्हे, अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "हुईल की, बाई. सुट्टी लागली की हुईल." मग जरा वेळानं, "नग मात्र दोनच ठेवा."

मी काल पलंगाखालची बॅग काढून तिची चाकं पुसली. घाई करते आहे, हे मला कळतं.